वर्गातला खेळ वाया जात नाही

सकाळी मकतब, दुपारी शाळा, संध्याकाळी ट्यूशन. आपल्या मोहल्ल्यातल्या अनेक लहान मुलांचा दिवस असाच संपतो. त्यात एखाद्या मॅडमने वर्गात खेळ घेतला, तर आपणच विचारतो, “शाळेत काय खेळायला पाठवतो का?” फीचे पैसे कष्टाचे असतात, म्हणून हा प्रश्न पडतो. पण लहान मूल खेळतानाच जास्त शिकतं, हे आपण विसरत चाललो आहोत.

हे बाहेरून आलेलं खूळ नाही. इमाम गझाली (मृत्यू इ.स. ११११) यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’मध्ये मकतबमधून आलेल्या मुलाला खेळू द्यावं, असं सांगितलं आहे. खेळ बंद करून सतत अभ्यासाला जुंपलं तर मुलाचं मन मरतं आणि बुद्धी बोथट होते, असा त्यांचा इशारा आहे. केंद्राच्या २०२२ च्या पायाभूत स्तराच्या अभ्यासक्रम आराखड्यातही ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी खेळालाच मध्यवर्ती जागा दिली आहे.

मग वर्गात करायचं काय? महागडी खेळणी लागत नाहीत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे घ्या. अरविंद गुप्ता यांनी ही युक्ती देशभर पोचवली. मुलांना त्रिकोण आणि चौकोन जोडू द्या. चौकोन दाबला की वाकडा होतो, त्रिकोण हलत नाही. छपराच्या कैचीत त्रिकोण का असतो, ते मूल स्वतःच शोधतं.

थोड्या मोठ्या मुलांना कर्कटक द्या. वर्तुळ काढून तेच अंतर कडेवर टाकत गेलं, की बरोबर सहा खुणा बसतात. त्या जोडल्या की षटकोन, एक सोडून एक जोडल्या की चांदणी. मशिदीच्या जाळीवरची नक्षी अशीच सुरू होते. पुढची नक्षी प्रत्येकाची वेगळी येईल, येऊ द्या.

इथे शिक्षकांनी एक पथ्य पाळावं: उत्तर सांगायची घाई करू नये. मूल चुकलं तरी त्याला पुन्हा करून पाहू द्यावं.

आणि आपण पालकांनी रोजचा एक तास मोकळा ठेवावा. मूल घरी आलं की “किती पानं लिहिली?” याआधी “आज काय बनवलंस?” असं विचारून पाहू या.