टेबलाच्या फटीचे पंचांग

वैशाखातल्या एका रखरखीत दुपारी, परभणीच्या जुन्या बाजारात, फुटक्या कुलरांच्या आणि गंजक्या खाटांच्या मधोमध, लिहिण्याचे एक टेबल माझ्या दृष्टीस पडले. त्याच्या अंगावर तपकिरी तैलरंगाचा एवढा जाड लेप होता, की खाली लाकूड आहे की पत्रा, याचा निर्णय बोटाने वाजवूनच करावा लागला. बाराशे रुपयांना सौदा ठरला, हातगाड्यावरून स्वारी घरी आली, आणि त्याच संध्याकाळी पायाच्या आतल्या अंगाला चाकूच्या टोकाने थोडे खरवडून पाहिले, तेव्हा तपकिरी रंगाखाली हिरवा रंग, हिरव्याखाली तांबूस काळपट पॉलिश, आणि त्या पॉलिशवर पांढऱ्या रंगात रेखलेले उर्दू अंक निघाले. परभणी जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि कचेऱ्यांचे दफ्तर उर्दूत चालत असे. तेव्हा हा जिन्नस कुठल्यातरी कचेरीच्या फर्दीवर चढलेला असावा आणि पुढे लिलावात बरखास्त झाला असावा, असा माझा तर्क आहे. त्याला कागदी दाखला नाही. लाकूड मात्र निर्विवाद सागाचे होते.

टेबलाचा माथा सुमारे एकेक फूट रुंदीच्या तीन फळ्यांचा, आणि त्या फळ्यांमध्ये दोन फटी. दहा रुपयांची दोन नाणी एकावर एक ठेवून आत सरकावीत, एवढी त्यांची रुंदी. जुन्या वस्तूला नवे रूप देण्याचा उत्साह ज्याच्या अंगी प्रथमच संचारतो, त्याला फट दिसली की ती बुजवण्यावाचून दुसरे काही सुचत नाही. मीही लाकडाचा बारीक भुसा आणि पांढरा गोंद मळून दोन्ही फटी दाबून भरल्या, वरून घासून सपाट केल्या, आणि आपल्या कारागिरीकडे आठ दिवस कौतुकाने पाहत राहिलो. मृग बरसला, आषाढ गेला, आणि श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात टेबलाचा माथा मध्यभागी कमानीसारखा उचलला गेला. कडेची फळी खिळ्यांच्या ओळीने हातभर चिरली, आणि वैशाखात बोटाने सरकणारा खण दोन्ही हातांनी ओढूनही जागचा हलेना.

ज्या वृद्ध मिस्त्रींना मी हे दाखवायला बोलावले, त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, माथ्यावरून तळहात फिरवला आणि म्हणाले, "गुरुजी, लाकूड हाय ते, दगड न्हाई. त्याची फुगायची जागाच तुमी बुजवून टाकली, मग ते जाईल कुठं?"

या एका वाक्यात काष्ठविज्ञानाचा निम्मा ग्रंथ सामावला आहे. तोडलेले झाड मरते, परंतु त्याच्या लाकडाचा हवेशी चाललेला पाण्याचा व्यवहार शतकानुशतके थांबत नाही. ओल्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असते: पेशींच्या पोकळीत आणि पेशींच्या भिंतींत. पोकळीतले पाणी उडून गेले तरी लाकडाच्या मापात फरक पडत नाही. वजनाच्या सुमारे २८ ते ३० टक्के पाणी उरते तेव्हा पोकळ्या रित्या आणि भिंती मात्र तुडुंब अशी अवस्था येते, आणि त्याखाली जो जो थेंब जातो तो तो भिंतींतून जात असल्यामुळे तेथून पुढे लाकूड आकसू लागते. भिंतींत किती पाणी राहावे हे हवा ठरवते. सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल तर लाकूड ४ ते ५ टक्के पाण्यावर स्थिरावते, ८५ टक्के असेल तर १७ ते १८ टक्क्यांवर. आता परभणीची हवा पाहा. मे महिन्यात पारा ४२ अंशांच्या वर चढतो आणि दुपारच्या हवेत दमटपणा औषधालाही सापडत नाही. ऑगस्टच्या झडीत त्याच घरातले मीठ वाटीत पाझरते आणि पापड मऊ पडतात. किनारपट्टीवरच्या घरात लाकूड बाराही महिने थोडेफार दमट असते, म्हणून त्याची हालचाल बेताची. आमच्याकडे मात्र त्याला दरवर्षी एका टोकाचा उपवास आणि दुसऱ्या टोकाचे पारणे घडते.

हे फुगणे सर्व दिशांना सारखे नसते, आणि सुताराची सारी विद्या या असमानतेवर उभी आहे. कडब्याची पेंढी पावसात भिजली तर घेराने फुगते, लांबीने वाढत नाही. लाकडाच्या भिंतींतले सेल्युलोजचे सूक्ष्म तंतूही त्या पेंढीतल्या ताटांसारखे बहुतांशी खोडाच्या लांबीच्या दिशेने पडलेले असतात, आणि पाणी त्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. ओला साग पूर्ण वाळवला तर गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने तो सुमारे अडीच टक्के आकसतो, वर्तुळांच्या ओघाने सहा टक्क्यांच्या जवळपास, आणि लांबीत मात्र नगण्य. ऋतूच्या फेऱ्यात लाकडातल्या पाण्याचा फरक १० टक्के धरला, तरी वर्तुळांच्या ओघाने कापलेली एक फुटाची फळी सुमारे ६ मिलिमीटर कमीजास्त होते. साग हा या बाबतीत लाकडांतला अत्यंत संयमी गृहस्थ म्हणून नावाजलेला आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे आंब्याच्या किंवा बाभळीच्या फळीची कल्पना करता येईल.

माझ्या अपराधाचा पुढचा भाग याहून सूक्ष्म आहे. फुगण्यास जागा न मिळालेल्या फळीच्या कडेच्या पेशी एकमेकींवर चिरडल्या जातात, आणि चिरडलेली पेशी पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून पुढच्या उन्हाळ्यात फळी आकसते ती मूळ मापाहूनही अधिक, आणि बुजवलेली फट पूर्वीपेक्षा मोठी होऊन प्रकट होते. दरवर्षी लांबी भरणारे आणि दरवर्षी फट वाढली म्हणून लाकडाला दोष देणारे गृहस्थ मी पाहिले आहेत. त्या पंगतीत आता माझेही पान मांडलेले होते.

मिस्त्रींनी दिवाळीपर्यंत थांबायला सांगितले. आश्विन-कार्तिकात हवा ना फार कोरडी ना फार ओली, लाकूड आपल्या वार्षिक प्रवासाच्या मध्यावर असते, आणि त्या मापावर केलेले काम दोन्ही टोकांना सोसते. फळ्या जिथे खालच्या पट्ट्यांना खिळ्यांनी जखडल्या होत्या, तिथले खिळे त्यांनी उपटले आणि पट्ट्यांत स्क्रूसाठी गोल भोकांऐवजी लांबट भोके पाडली, जेणेकरून फळी धरून तर राहील, पण रुंदीने सरकू शकेल. उपटलेल्या प्रत्येक खिळ्याभोवती काळे वर्तुळ होते. ते जळाल्याचे डाग नव्हेत. लाकडातले टॅनिन आणि ओलसर लोखंड यांच्या संयोगाने तिथे जुन्या पद्धतीची शाईच तयार झालेली असते, आणि बाभळीच्या बैलगाडीच्या चाकावरून लोखंडी धाव उतरवली की तिच्याखाली हीच शाई दिसते. ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने हे डाग जातात. परंतु ते आम्ल विषारी आहे, हातमोज्यांवाचून हाताळू नये आणि नंतर लाकूड पाण्याने नीट पुसून घ्यावे. मी ते डाग राहू दिले. कचेरीच्या टेबलावर शाई असायचीच.

रंग काढण्याच्या बाबतीत मात्र हयगय परवडणारी नव्हती. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलात आला. त्यापूर्वीच्या, विशेषतः जुन्या तैलरंगांत शिसे असण्याचा संभव बराच, कारण सफेता आणि शेंदूर ही दोन्ही परंपरेने शिशाचीच संयुगे. असा रंग कोरडा घासला तर धूळ श्वासात जाते, ज्योतीने जाळला तर वाफ. आणि लहान मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही मात्रा निर्धोक नाही. म्हणून रंग मऊ करणारे द्रव लावून तो ओला असतानाच पत्रीने खरवडला, चिकट साले कागदात गुंडाळली, आणि नातवंडांना चार दिवस अंगणात फिरकू दिले नाही.

तपकिरी गेला, हिरवा गेला, आणि तांबूस काळपट थर उघडा पडला तेव्हा मी घासकागद उचलला होता. मिस्त्रींनी तो काढून घेतला. कापसाच्या बोळ्यावर स्पिरिटचे चार थेंब घेऊन त्यांनी खणाच्या आतल्या कोपऱ्यावर घासले. बोळा तांबूस झाला, लाकडावरचा थर चिकट झाला. "चपडा हाय," ते म्हणाले, आणि त्यांच्या स्वरात जुन्या ओळखीचा माणूस भेटल्याचा आनंद होता.

चपडा म्हणजे शुद्ध करून पातळ पापुद्र्यांच्या रूपात आणलेली लाख. पळस, बोर, कुसुम या झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर तांदळाच्या कणीहून लहान असे कीटक सहस्रावधींनी चिकटून बसतात, सोंड खुपसून रस शोषतात आणि स्वतःच्या संरक्षणार्थ अंगाभोवती राळ स्रवतात. मादी तर एकदा बसली की त्या कवचातून जन्मभर बाहेर पडत नाही. लाक्षागृहाच्या कथेमुळे हा पदार्थ ज्वालाग्राही म्हणून आपल्या परिचयाचा आहे. त्याची शास्त्रीय महती अशी, की रांचीजवळ नामकुम येथे १९२४ साली केवळ लाखेच्या संशोधनासाठी संस्था स्थापन झाली, आणि प्लॅस्टिक येण्यापूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्या याच राळेने बांधलेल्या असत. फाल्गुनात जिंतूरच्या बाजूला माळामाळावर पेटलेला पळस मी वर्षानुवर्षे पाहत आलो. त्याच जातीच्या झाडाच्या फांदीवरचा किडा माझ्या लिहिण्याच्या हाताखाली आहे, हे मात्र साठी उलटल्यावर कळले.

लाखेचा मोठा गुण असा, की ती मद्यार्कात विरघळते आणि वाळल्यावरही पुन्हा विरघळते. आधुनिक पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन एकदा सुकले की त्यांचे रेणू परस्परांत कायमचे गुंफले जातात. त्यांच्यावर ओरखडा उठला की सगळा थर घासून काढण्यावाचून उपाय नाही. लाखेचा नवा हात मात्र जुन्या थराला किंचित विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो, म्हणून सत्तर-ऐंशी वर्षांच्या पॉलिशवर आज चढवलेला थर सांधा दाखवत नाही. आम्ही घासकागद लाकडापर्यंत जाऊ दिला नाही. जुन्या सागाच्या पृष्ठभागावर प्रकाशाने आणि हवेने जो मधासारखा वर्ण आणलेला असतो, तो मिलिमीटरभरही खोल नसतो. दहा मिनिटांच्या घासण्यात तो भुशाबरोबर उडून जातो आणि परत आणायला पुन्हा तेवढीच वर्षे लागतात.

एक लिटर स्पिरिटास सुमारे दीडशे ग्रॅम चपडा रात्रभर भिजत घातला. मानवत-सेलूच्या बाजारपेठा ज्या जिल्ह्यात आहेत तिथे कापसाला तोटा नाही. सरकी काढलेला कापूस जुन्या धोतराच्या तुकड्यात बांधून पुरचुंडी केली, तिच्यावर जवसाच्या तेलाचा एक थेंब, आणि आठाच्या आकड्यासारखे हात. पुरचुंडी फिरताच लाकूड जे गडद आणि सखोल दिसू लागते, त्याचे कारण रंग नव्हे. कोरड्या पृष्ठभागावरच्या उघड्या पेशींत हवा असते, आणि हवा व लाकूड यांचे अपवर्तनांक फार भिन्न असल्यामुळे प्रकाश तिथेच विखुरतो. लाखेचा अपवर्तनांक लाकडाच्या तंतूंच्या जवळपास, सुमारे दीड असल्याने ती पोकळी भरताच विखुरणे कमी होते आणि नजर आत उतरते. धुतलेले धोतर ओले असताना अधिक गडद दिसते ते याच कारणाने.

पॉलिश पावसाळ्यात का करू नये, याचे उत्तर माठाजवळ आहे. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड करते. हवा दमट असेल तर त्या थंड थरावर दव धरते आणि लाखेत अडकून पांढुरके धुके उमटवते. उलट मे महिन्यात स्पिरिट इतके झपाट्याने उडते, की पुरचुंडी जागच्या जागी चिकटते. दोन्ही संकटे टाळायची तर कार्तिक ते माघ हीच काय ती मुदत.

जवसाच्या तेलाचा उल्लेख आला म्हणून एक इशारा. चटणीतून आपल्या ओळखीचे असलेले हे तेल पाण्यासारखे उडून वाळत नाही. ते हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होते, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. तेल पुसलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता कोंडते आणि काडी न लावता चिंध्या पेट घेतात. त्या दोरीवर सुट्या पसराव्यात किंवा पाण्यात बुडवाव्यात.

मिस्त्रींनी माथ्याच्या खालच्या, कुणाला कधी न दिसणाऱ्या बाजूलाही वरच्याइतकेच हात दिले. मला तो माल वाया घालवणे वाटले, तसे मी बोललोही. परंतु लाख बाष्पाला अडवत नाही, केवळ विलंब लावते, आणि तो विलंब एकाच बाजूला लागला तर दुसरी बाजू आधी फुगून फळी ताटलीसारखी वाकते. तहनामा दोन्ही पक्षांशी सारखाच असावा लागतो.

फटी तशाच ठेवल्या आहेत. खालच्या बाजूला मी दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्यांची रुंदी पेन्सिलीने टिपून ठेवतो. गेल्या श्रावणात तिथे साधा कागद जात नव्हता. या वैशाखात नाणी दोन गेली, आणि खण एका बोटाने उघडला.