प्रथिनांच्या कोशकार मार्गारेट डेहॉफ

1948 साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून मार्गारेट डेहॉफ यांनी पुंज रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवली, तेव्हा जैवमाहितीशास्त्राचं नावही कोणी ऐकलं नव्हतं. पण पुढच्या वाटचालीचं बीज त्या प्रबंधातच आहे. रेणूंच्या ऊर्जेची किचकट आकडेमोड त्यांनी हिशेबाच्या पंच कार्ड यंत्रांकडून करून घेतली होती.

नंतर दोन मुलींच्या संगोपनासाठी त्या काही वर्षं संशोधनापासून दूर राहिल्या. 1960 मध्ये नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशनमध्ये रुजू झाल्या. प्रथिनातल्या अमिनो आम्लांचा क्रम लावायचा तर तेव्हा प्रथिन वेगवेगळ्या विकरांनी तोडायचं, तुकडे वाचायचे आणि कुठल्या तुकड्याचं टोक कुठे जुळतं ते डोळ्यांनी शोधायचं. इन्सुलिनच्या 51 अमिनो आम्लांसाठी जीवरसायनशास्त्रज्ञ सँगर यांची अनेक वर्षं गेली होती. डेहॉफ आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट लेडली यांनी ही जुळणी आयबीएम 7090 संगणकावर सोपवली.

1965 मध्ये डेहॉफ यांनी प्रथिनांचा ॲटलास काढला. त्यात तोवर माहीत असलेले जेमतेम 65 क्रम होते. कार्डांवरची जागा वाचावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला त्यांनी तीनऐवजी एकच अक्षर दिलं. फेनिलअ‍ॅलनीनला उच्चारावरून ‘एफ’, तर दोन कड्यांच्या ट्रिप्टोफॅनला ऐसपैस ‘डब्ल्यू’. जगभरच्या प्रयोगशाळा आजही हीच अक्षरं वापरतात.

इतरांनी शोधलेलं गोळा करणं हे काही विज्ञान नव्हे, असं अनेकांना वाटे. मला हा आक्षेप साफ चुकीचा वाटतो. संग्रह हाताशी होता म्हणूनच तर डेहॉफ यांना जवळच्या नात्यातल्या प्रथिनांचे 71 गट शेजारी शेजारी मांडता आले आणि त्यांतले 1572 बदल मोजता आले. कुठलं आम्ल कुठल्या आम्लाची जागा सहज घेतं, हे त्या मोजणीतून कळलं. त्यावरून बनलेल्या 1978 च्या ‘पॅम’ तक्त्यांमुळे दोन प्रथिनांचं दूरचं नातंही आकड्यांत मांडता येऊ लागलं. इतका पायाभूत विचार संग्रहाविना सुचला तरी सिद्ध करता आला नसता.

1982 मध्ये जेनबँक या सरकारी डीएनए संग्रहाचं काम त्यांच्या संस्थेऐवजी लॉस अलामोसला मिळालं. पुढच्याच फेब्रुवारीत, वयाच्या 57 व्या वर्षी, हृदयविकाराने त्या गेल्या. सहकाऱ्यांनी 1984 मध्ये ॲटलासचं रूपांतर सर्वांना वापरता येईल अशा प्रथिन संग्रहात केलं. 2002 साली तो युरोपातल्या संग्रहांना येऊन मिळाला आणि त्यातून युनिप्रॉट हा एकत्रित प्रथिन संग्रह उभा राहिला.