एससी तास्मानिया १९०० बर्लिन

एससी तास्मानिया १९०० बर्लिन हा जर्मनीतील बर्लिन शहराच्या नॉयकोल्न भागातील एक माजी फुटबॉल क्लब होता. बुंडेसलीगाच्या इतिहासातील सर्वांत कमी गुणांचा विक्रम या क्लबच्या नावावर आहे.

स्थापना

क्लबची स्थापना १९०० साली रिक्सडोर्फ येथे झाली. १९१२ मध्ये या गावाचे नाव नॉयकोल्न झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर तास्मानियाची गणना पश्चिम बर्लिनमधील प्रमुख संघांत होऊ लागली.

बुंडेसलीगातील प्रवेश

खेळाडूंना नियमबाह्य रकमा दिल्याबद्दल १९६५ मध्ये हेर्टा बेएससीचा बुंडेसलीगा परवाना रद्द झाला. भिंतीमुळे विभागलेल्या बर्लिनचा एक तरी संघ सर्वोच्च श्रेणीत असावा, असा राजकीय आग्रह होता. प्रादेशिक विजेता टेनिस बोरुसिया बढतीच्या फेरीत अपयशी ठरला होता, तर दुसऱ्या क्रमांकाच्या स्पांडाउअर एसव्हीने नकार दिला. त्यामुळे ही जागा हंगामाच्या तोंडावर तास्मानियाला मिळाली. सक्षम संघ उभारण्यास पुरेसा अवधी उरला नव्हता. तरीही इटलीत खेळणारा जर्मन आंतरराष्ट्रीय खेळाडू होर्स्ट शिमानियाक याला करारबद्ध करण्यात आले.

१९६५-६६ चा हंगाम

१४ ऑगस्ट १९६५ रोजी ऑलिंपिक स्टेडियमवर ८१,००० हून अधिक प्रेक्षकांसमोर तास्मानियाने कार्ल्सरुहर एससीचा २-० असा पराभव केला. त्यानंतरच्या सलग ३१ सामन्यांत संघाला एकही विजय मिळाला नाही. पराभवांबरोबर प्रेक्षकही दुरावले. १५ जानेवारी १९६६ रोजी बोरुसिया म्योन्शनग्लाडबाखविरुद्धच्या बरोबरीत सुटलेल्या सामन्यास त्याच स्टेडियमवर अवघे ८२७ प्रेक्षक उपस्थित होते. मार्चमध्ये माइडेरिशर एसव्हीने तास्मानियाला त्याच्या घरच्या मैदानावर ०-९ असे हरवले. दुसरा विजय मे महिन्यात बोरुसिया नॉयनकिर्शेनविरुद्ध मिळाला.

३४ सामन्यांत २ विजय, ४ बरोबरी व २८ पराभव अशी हंगामाअखेर स्थिती होती. संघाने १५ गोल केले, तर त्याच्यावर १०८ गोल झाले. विजयास दोन गुण देण्याच्या तत्कालीन पद्धतीनुसार त्याला ८ गुण मिळाले.

विसर्जन आणि वारसा

पदावनतीनंतर क्लब बुंडेसलीगात परतू शकला नाही. १९७३ मध्ये दिवाळखोरीमुळे तो विसर्जित झाला. त्याच वर्षी स्थापन झालेला नवा तास्मानिया क्लब त्याची परंपरा पुढे चालवतो. जानेवारी २०२१ मध्ये शाल्क ०४ संघ सलग ३० सामने विजयाविना राहून या विक्रमाच्या जवळ पोहोचला होता. परंतु होफेनहाइमवरील ४-० अशा विजयामुळे ३१ सामन्यांचा विक्रम तास्मानियाकडेच राहिला.