जाई की जुई? पान बघा, मगच रोपाचे पैसे द्या



पाऊस तोंडावर आलाय. फुलवेलींची रोपं घ्यायला बरेच सभासद निघालेत. लहान रोपाला बहुतेक वेळा फूल नसतं. नावाचाही भरवसा नाही. एकाच वेलीला कुठे जाई म्हणतात, कुठे चमेली. चुकीचं रोप आलं तर ते फूल लागल्यावरच कळतं. तोवर खड्डे, खत, मजुरी आणि हंगाम गेलेला असतो. म्हणून पानावरून ओळखायला शिका.

*ओळख*

*जुई* – एक मोठं पान, त्याच्या बुडाशी दोन्ही बाजूंना कानासारखी दोन इवलीशी पानं. कधी हे कान दिसतही नाहीत, म्हणून एकाच पानावर ठरवू नका, चार-पाच बघा. कळी पांढरी.

*जाई (चमेली)* – एकाच देठावर समोरासमोर छोट्या पानांच्या जोड्या आणि टोकाला एक मोठं पान. कळीला बाहेरून गुलाबी झाक.

*मोगरा* – एकेरी, रुंद, चकचकीत पान. बुडाशी कान नाहीत.

*कुंद* – पान एकेरीच, पण हात लावला की मऊ लव लागते. बहर थंडीत, वास अगदी मंद.

*मधुमालती* – ही जाई-जुईच्या कुळातली नाही. फूल पांढरं उमलतं, मग गुलाबी, मग लाल होतं. कमानीला, कुंपणाला छान. गजऱ्याच्या बाजारासाठी लावू नका.

*ओळख चुकली तर छाटणीही चुकते*

या वेलींना फूल नव्या फुटीवर येतं. छाटणी साधारण अशी: मोगरा नोव्हेंबरअखेर, जाई डिसेंबरअखेर, जुई जानेवारीअखेर. आधी पाणी तोडून ताण द्या, मग जमिनीपासून दीड फुटावर छाटा. त्यानंतर खत-पाणी सुरू करा. जुई समजून जाई सांभाळली, तर छाटणी महिनाभर मागे पडते आणि बहरही लांबतो.

*जाई-जुईची लागवड*

पाण्याचा निचरा होणारी जमीनच घ्या, चिबड रान नको. अंतर 5 x 5 फूट. खड्डा दीड फुटाचा, त्यात 10 किलो कुजलेलं शेणखत. या अंतराने एकरी साधारण 1,740 रोपं बसतात, 5 गुंठ्यांत 215 च्या आसपास.

*आधी हात मोजा, मग रोपं*

गजऱ्यासाठी कळी पूर्ण वाढलेली पण न उमललेली हवी. ती पहाटेच तोडावी लागते. कळी हलकी असते, किलोभर भरायला हजारो कळ्या तोडाव्या लागतात. मजूर वेळेवर आला नाही तर कळी वेलीवरच उमलते आणि गजऱ्याचा भाव जातो. घरात पहाटे तोडणीला दोनच माणसं असतील, तर पहिल्या वर्षी 5 गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. भरपूर फूल तिसऱ्या वर्षापासून मिळतं, तोवर कामाचा अंदाज येईल.

*रोपं घेताना*

1. बिलावर वेलीचं नाव लिहून घ्या.
2. शक्य असेल तर फुलावर असलेली मातृवेल बघा, रोप तिच्याच फांदीचं आहे का ते विचारा.
3. शंका असेल तर पूर्ण फांदीचा एक आणि पानाच्या बुडाचा जवळून एक, असे दोन फोटो याच नंबरवर पाठवा. उत्तर आल्यावरच पैसे द्या.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी