डायनामोला वेसण घालणारी काळी डबी

जुन्या मॉरिस मायनरचं नाहीतर सुरुवातीच्या अँबॅसॅडरचं बॉनेट उघडलं, की आतल्या पत्र्यावर काळ्या झाकणाची एक डबी दिसते. पंजात मावेल एवढी. कंपनीच्या पुस्तकात ती ‘कंट्रोल बॉक्स’, गॅरेजमध्ये ‘कटआउट’. बॅटरी उतरली की पहिला आळ हिच्यावर येतो आणि बऱ्याचदा बिचारी निर्दोष असते. तिच्या करामती कळल्या, तर भंगारात टाकण्याआधी तुम्ही एकदा तरी तिचं झाकण उघडून बघाल.

पत्तीची थरथर

डायनामो जितका जोरात फिरेल तितके व्होल्ट चढत जातात. रोखणारं कोणी नसेल, तर बारा व्होल्टच्या गाडीत वीसच्या वर जायला त्याला काहीच लागत नाही. मग बल्ब उडतात आणि बॅटरीतलं पाणी खदखदतं. त्याला आवरायला डबीत लोखंडी गाभ्यावर बारीक तारेचं वेटोळं असतं, हाच रेग्युलेटर. व्होल्ट वाढले की गाभ्याचं चुंबक वरची पत्ती खेचतं, पॉइंट उघडतात आणि डायनामोच्या फील्डकडे जाणाऱ्या वाटेत एक रेझिस्टन्स आडवा येतो. फील्ड मंदावलं की व्होल्ट उतरतात, पत्ती सुटते, पॉइंट पुन्हा मिटतात. हे सगळं सेकंदाला कित्येक डझन वेळा! डोळ्यांना फक्त पत्तीची थरथर दिसते. ना ट्रान्झिस्टर, ना चिप. दोन पॉइंट, एक स्प्रिंग आणि तारेचे वेढे. एवढ्या सामानात इतकं अचूक काम करणारं दुसरं यंत्र जुन्या गाडीत तरी मला माहीत नाही.

त्यावर कडी म्हणजे डबीला हवामानही कळतं. गार बॅटरीला चार्ज व्हायला जरा जास्त व्होल्ट लागतात, तापलेलीला कमी. म्हणून पत्तीच्या स्प्रिंगला दोन धातूंच्या जोडपट्टीची साथ असते. पारा चढला की ती किंचित वाकते आणि व्होल्टची मर्यादा आपोआप खाली येते.

ड्रायव्हरच रेग्युलेटर होता तेव्हा

ही थरथरती पत्ती ब्रिटिश गाड्यांत रुळली ती १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधी डायनामोत तिसरा कार्बन (ब्रश) असायचा. त्याची जागा सरकवून चार्जिंग कमी-जास्त करायचं, आणि काही गाड्यांच्या डॅशबोर्डवर तर चक्क उन्हाळा-हिवाळा असा खटका होता. हिवाळ्यात दिवे जास्त वेळ जळणार, थंड इंजिन चालू करायला जोर लागणार, म्हणून चार्ज पूर्ण. उन्हाळ्यात अर्धा. ऋतू पालटला आणि खटका फिरवायचा राहिला, की बॅटरीचे हाल.

डायनामो मोटर होतो!

डबीतलं दुसरं वेटोळं म्हणजे खरा कटआउट. इंजिन हळू फिरत असताना डायनामोचे व्होल्ट बॅटरीपेक्षा कमी पडतात. तेव्हा दोघांची वाट जोडलेली राहिली, तर करंट उलटा वाहून बॅटरी डायनामोतच रिकामी होईल. म्हणून ल्युकस या ब्रिटिश कंपनीच्या आरबी १०६/२ या प्रसिद्ध डबीत कटआउट साधारण १२.७ ते १३.३ व्होल्टला मिटतो आणि काही अँपियर उलटे वाहू लागले की उघडतो. त्याचे पॉइंट कधी चिकटून बसले, तर बंद गाडीतही बॅटरी डायनामोला फिरवू पाहते. पट्ट्यामुळे तो अडतो, तापतो, आणि तारा जळण्याचा धोका असतो. झाकणातून धूर दिसला तर आधी बॅटरीची वायर काढा, धुराचं कारण नंतर शोधा.

पण याच खोडीचा उपयोगही होतो. फॅन बेल्ट काढा, डायनामोची डी (वीज बाहेर देणारं) आणि एफ (फील्डचं) ही टर्मिनल जोडून बॅटरी द्या. डायनामो मोटरसारखा सावकाश, एका लयीत फिरला, तर आर्मेचर, कार्बन आणि फील्ड बहुतांशी ठणठणीत आहेत असं समजा.

लाल दिव्याचं गणित

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याचं एक टोक बॅटरीकडे, दुसरं डायनामोकडे. दोन्हीकडचे व्होल्ट सारखे झाले की दिवा विझतो. डायनामोच्या गाडीत हा बल्ब उडाला तरी चार्जिंग चालू राहतं. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र बऱ्याचदा याच दिव्यातून अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो, त्यामुळे तिथे बल्ब उडाला तर चार्जिंगच अडू शकतं. सिग्नलला उभ्या डायनामोच्या गाडीत हा दिवा मिणमिणला तर घाबरू नका. आयडलिंगला डायनामो जवळजवळ काही देत नाही. कुर्ल्यात प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बांधलेल्या सुरुवातीच्या फियाट ज्यांनी चालवल्या, त्यांना सिग्नलला मंदावणारे आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबताच उजळणारे हेडलाइट चांगले आठवत असतील.

लोखंडाची आठवण

डायनामोला सुरुवातीला चुंबकत्व कुठून मिळतं? फील्डच्या लोखंडात मागच्या वेळचं थोडंसं उरलेलं असतं, त्यावरच तो स्वतःला चेतवतो. ही कल्पना इतक्या लोकांना एकाच सुमारास सुचली की १४ फेब्रुवारी १८६७ रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीत सीमेन्स आणि व्हीटस्टन या दोघांचे निबंध एकाच दिवशी वाचले गेले!

या आठवणीची दिशा बदलताही येते. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असायचं. ते मायनसवर आणायचं असेल, तर बॅटरी फिरवल्यावर डायनामोच्या एफ टर्मिनलवरची वायर काढायची आणि तिथे बॅटरीची गरम, म्हणजे बॉडीला न जोडलेली, वायर क्षणभर टेकवायची. दोन-चार ठिणग्या उडतात आणि डायनामो नव्या दिशेने वीज देऊ लागतो. अल्टरनेटरवर हा प्रयोग कराल तर डायोड जातील.

तीस सेकंदांची परीक्षा

आता दुरुस्ती. इथे थोडा वेळ काढा, कारण डबी बिघडवणारे हात बहुतेकदा दुरुस्त करणारेच असतात.

स्क्रूला हात लावण्याआधी डबीची अर्थ तपासा. बैठकीखाली गंज चढला किंवा नव्या रंगाचा थर आला, की वेटोळ्याला खरे व्होल्ट कळत नाहीत आणि बॅटरी उकळेपर्यंत चार्जिंग होत राहतं. एक स्क्रू खरवडून घट्ट केला आणि ‘मेलेली’ डबी जिवंत झाली, असं गॅरेजमध्ये वरचेवर घडतं. मग डायनामोची पाळी. त्याच्या दोन्ही वायरी काढून डी आणि एफ जोडा, मीटर लावा आणि इंजिन हळूहळू वाढवा. व्होल्ट भराभर चढले पाहिजेत. वीसवर थांबा, रेस करू नका. व्होल्ट चढलेच नाहीत, तर दोष डबीत नाही.

डायनामो पास झाला तरच झाकण उघडा. ल्युकसच्या पुस्तकातली एक सूचना मला फार आवडते: रेग्युलेटरच्या पॉइंटना बारीक कार्बोरंडम चालेल, पण कटआउटच्या पॉइंटना ते किंवा एमरी कधीही लावायचं नाही, तिथे फक्त बारीक काचकागद. कटआउटचे पॉइंट मऊ असतात. मेकॅनिक खिशातल्या एकाच कागदाने दोन्ही घासतो, तिथेच डबीचं आयुष्य कमी होतं. घासून झालं की स्पिरिटने पुसून घ्यायचं.

सेटिंगच्या वेळी बॅटरीला जाणारी वाट तोडतात. पुढे आलेल्या तीन वेटोळ्यांच्या आरबी ३४० मध्ये त्यासाठी कटआउटच्या पॉइंटमध्ये कोरड्या कागदाची चिठ्ठी सरकवली की झालं. इंजिन हळूहळू वाढवलं की मीटरचा काटा एकदा फडफडतो आणि स्थिरावतो, तो आकडा वाचायचा. आरबी १०६ मध्ये तो सुमारे १६ व्होल्ट येतो. बघणारा दचकतो आणि स्क्रू सैल करतो, की बॅटरी कायमची अर्धपोटी! बॅटरी जोडल्यावर आणि भार पडल्यावर हाच आकडा खाली येतो, कारण डबीतल्या जाड तारेच्या वेढ्यांनाही करंट कळतो. आणि सगळं तीस सेकंदांत उरकायचं. जास्त वेळ लागला तर वेटोळं तापतं आणि आकडा खोटा दाखवतं. नाही जमलं? इंजिन बंद करा, गार होऊ द्या, पुन्हा करा.

रेडिओच्या नादात

गाडीत रेडिओ खरखरतो म्हणून कोणी एफ टर्मिनलला कंडेन्सर जोडला, तर रेग्युलेटरचे पॉइंट जळतात. तो डी टर्मिनलला लावायचा.

नवीन घ्यायचीच तर

रेझिस्टन्स जळालेला असेल किंवा वेटोळं तुटलं असेल, तर बदली आलीच. भारतात ल्युकसचं सामान सहज मिळायचं ते १९६१ साली स्थापन झालेल्या ल्युकस-टीव्हीएसमुळे. आज बाजारात एक छान सोय आहे: जुन्या काळ्या झाकणाखाली इलेक्ट्रॉनिक सर्किट. बाहेरून डबी तीच, पॉइंट घासायची कटकट नाही. पण जुन्या डबीला प्लस अर्थ की मायनस अर्थ याचं सोयरसुतक नव्हतं, इलेक्ट्रॉनिक डबीला असतं. गाडीची अर्थ बघूनच मागवा, आणि डायनामोला ठिणगी द्यायची असेल तेव्हा ही डबी आधी सोडवून ठेवा.

डायनामो कोणता तेही सांगा. सी ३९ साधारण १९ अँपियर देतो, सी ४० देतो २२. मिनी आणि सुरुवातीच्या एमजीबीत सी ४० असायचा. नवी डबी लावून हे आकडे वाढत नाहीत, त्यामुळे जादा हेडलाइट बसवणाऱ्यांनी हिशेब आधी मांडावा. जुन्या डायनामोसारखं हुबेहूब दिसणारे अल्टरनेटरही मिळतात, आत सगळं आधुनिक. रोज शहरात चालवायची गाडी असेल तर त्यांना माझी हरकत नाही. रविवारी सकाळी बाहेर पडणाऱ्या गाडीत मात्र मी जुनी डबीच साफ करून बसवीन.

जुनी काढताना वायरींना चिठ्ठ्या लावा. बहुतेक जुन्या ब्रिटिश गाड्यांत पिवळी डी ची, पिवळी-हिरवी एफ ची, तपकिरी बॅटरीकडची आणि काळी अर्थची असते. पण मधल्या काळात कोणी वायरिंग बदललं असेल, तर रंगावर भरवसा ठेवू नका. डायनामोपासून टेस्ट लॅम्प लावत या. सी ४० वरचं डी टर्मिनल मोठं आणि एफ लहान असतं, सुरुवात तिथूनच करा.