वाशीमचं जुनं नाव ठाऊक आहे का?

परवा वाशीमच्या बाजार समितीत सोयाबीनच्या ढिगापाशी उभा होतो. शेजारच्या काकांनी एक दाणा दाताखाली धरला. कटकन फुटला. "वाळला माल," म्हणाले. बोलता बोलता मी गावाचं जुनं नाव विचारलं. त्यांना ठाऊक नव्हतं.

वत्सगुल्म! वाकाटक राजघराण्याच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा संस्थापक सर्वसेन स्वतः कवी. प्राकृतातलं 'हरिविजय' हे काव्य त्याचं.

१९३९ साली वाशीमला त्याच्या मुलाचा, दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट सापडला. वंशावळ संस्कृतात, पण दानाचा मजकूर प्राकृतात. मला हे फार मोलाचं वाटतं.

अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री.

आणि राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्येचं लग्न लावलं, तेही वत्सगुल्मातच!

जिल्हा मात्र १९९८ चा, अकोल्यातून वेगळा झालेला. पोट सोयाबीन-तुरीवर. बंजारा समाजाची काशी पोहरादेवी मानोरा तालुक्यात, तर नृसिंह सरस्वतींचं जन्मगाव कारंजा.

काकांना हे सगळं सांगेपर्यंत त्यांच्या मालाचा लिलाव आला, तरी म्हणाले, "थांब, पुढचं ऐकून जातो."

तुमच्या गावाचं जुनं नाव काय? वाकाटकांबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा, जमेल तसं सांगतो.