लाल कोळंबीचा संसार: खर्च थोडा, सबुरी फार

काचेचा बंद गोळा. आत थोडे पाणी, एक वाळकी फांदी आणि जवळ्याएवढ्या चार लाल कोळंब्या. "खाणे नको, पाणी बदलणे नको, टेबलावर ठेवा आणि विसरून जा," असे सांगून हे गोळे अमेरिकेत वर्षानुवर्षे विकले जात आहेत. आमचे एक मामेभाऊ तिकडे काचेच्या दुकानात काम करतात. त्यांनी हौसेने असा गोळा घरी आणला. वर्ष उलटले तशा कोळंब्या एकेक करून कमी होऊ लागल्या आणि दीड वर्षात गोळा रिकामा झाला. विक्रेत्याकडे विचारणा केली तर उत्तर मिळाले, "यांचे आयुष्यच तेवढे!"

हे उत्तर खरे नव्हते. ही कोळंबी नीट सांभाळली तर दहा वर्षे सहज जगते. वीस वर्षे जगल्याचेही सांगतात. बंद गोळ्यात मात्र तिची हळूहळू उपासमार होते आणि तिथे तिची वीणही वाढत नाही. विक्रेत्याचा एक नग खपला, पण गिऱ्हाईक कायमचे गेले. मामेभावांनी हार न मानता दुसरा प्रयोग केला. त्यातून जे कळले ते शोभेच्या माशांचा आणि काचकामाचा धंदा करणाऱ्या आपल्या बांधवांपुढे आम्ही ठेवीत आहोत.

या कोळंबीचा मुलूख म्हणजे हवाई बेटे. तिथली भाषा तिला 'ओपाए उला' म्हणते. ओपाए म्हणजे कोळंबी, उला म्हणजे लाल. शास्त्रीय नाव हॅलोकॅरिडिना रुब्रा असून १९६३ साली होल्थुइस या शास्त्रज्ञाने तिची नोंद केली. लांबी जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर. किनाऱ्याजवळ ज्वालामुखीच्या खडकात पाण्याचे खड्डे असतात. वरून त्यांचा समुद्राशी संबंध दिसत नाही, पण खालच्या भेगांतून समुद्राचे पाणी आत येते आणि डोंगराकडून झिरपणारे गोडे पाणी त्यात मिसळते. भरती-ओहोटीबरोबर खड्ड्यातले पाणीही चढते-उतरते. आपल्या कोकणात खाडीच्या वरच्या अंगाला जसे मचूळ पाणी लागते, तसेच हे. जुने कोळी या कोळंबीचा चारा टाकून 'ओपेलू' मासे गोळा करीत.

आता घरच्या भांड्याविषयी. पाच ते दहा लिटरची साधी काचेची टाकी पुरते. पंप, गाळणी काही लागत नाही. पाणी शुद्ध केलेले किंवा डिस्टिल्ड घ्यावे. नळाच्या पाण्यातले क्लोरीन आणि तांब्याचा अंश कोळंबीला मारक ठरतो. खाण्याचे मीठ चालत नाही. मत्स्यालयासाठी मिळणारे समुद्री मीठ लिटरला सुमारे १७ ग्रॅम घालावे, म्हणजे समुद्राच्या निम्मे खारेपण येते. घनतामापक असेल तर काटा १.०१० ते १.०१२ च्या आसपास दिसावा. तळाशी शिंपल्यांचा किंवा प्रवाळाचा चुरा आणि लपायला सच्छिद्र काळे दगड घालावेत. तांब्या-पितळेची कोणतीही वस्तू पाण्यात जाऊ देऊ नये.

टाकी भरताच कोळंबी सोडू नये. काही आठवडे उजेडात ठेवून दगडांवर हिरवट शेवाळाचा थर येऊ द्यावा. तोच त्यांचा खुराक. वरून दिलेच तर आठवड्यातून एकदा चिमटीपेक्षाही कमी स्पिरुलिना द्यावी. उपाशी ठेवून जितक्या मरतात, त्याहून अधिक जास्त खाऊ घालून मरतात, कारण उरलेले अन्न कुजून पाणी नासते. थेट ऊन टाळावे.

पाणी आटते तेव्हा फक्त पाणी उडते, मीठ मागे राहते. म्हणून काचेवर खूण करून ठेवावी आणि त्या खुणेपर्यंत बिनमिठाचे शुद्ध पाणीच भरावे. दर वेळी खारे पाणी ओतले तर टाकीचे मिठागर होईल! रंगावरही नजर असावी. निश्चिंत कोळंबी लालभडक दिसते, घाबरलेली फिकट पडते. आणखी एक गोष्ट. कोळंबी कात टाकते. तळाशी पांढरी पारदर्शक टरफले दिसली म्हणजे त्या मेल्या असे समजून टाकी उपसू नये.

आता विणीविषयी. नव्या टाकीत सहा महिने, कधी वर्षभरही काही घडत नाही. मग एखादी मादी पोटाखाली डझनभर गडद लाल अंडी धरून दगडांत दडते. महिनाभराने किंवा थोड्या अधिक काळाने बारीक पिल्ले बाहेर पडतात आणि पाण्यात तरंगत राहतात. सुरुवातीला ती अंड्यातल्या बलकावरच जगतात, त्यांना खाणे लागत नाही. काही आठवड्यांनी ती मोठ्यांसारखी दगडावर बसून चरू लागतात. या काळात पाणी बदलणे, दगड हलवणे, गाळणी लावणे, सर्व बंद. मामेभावांनी वीस कोळंब्या सोडल्या होत्या. अकराव्या महिन्यात काचेवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके चालताना दिसले, तेव्हा त्यांनी आम्हांला रात्री फोन करून उठवले.

धंद्याच्या दृष्टीने दोन शब्द. जिवंत जलचर परदेशातून आणायला सरकारी परवाना आणि विलगीकरणाचे नियम आहेत. कोणी पिशवीत लपवून आणून देतो म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नये. हवाईत कित्येक खड्डे बांधकामात बुजले, कित्येकांत माणसाने सोडलेल्या गप्पी आणि तिलापिया माशांनी कोळंबी खाल्ली. म्हणून रीतसर माल आणायचा असेल तर टाकीत वाढवलेलाच मागावा.

आणि जो कारागीर काच कापून सिलिकॉनने टाक्या जोडतो, त्याने कोणत्याही जिवासाठी टाकी विकताना सोबत एक चिठ्ठी द्यावी: पाणी कसे, खाणे किती, काय करू नये. चिठ्ठीला खर्च कागदाचा. पण गिऱ्हाइकाच्या घरचा जीव जगला तर तेच गिऱ्हाईक दुसऱ्याला घेऊन परत येते. धंद्यातली बरकत ती हीच.